नकाशावरील भूबेटे आणि पेशव्यांची सनद

भारताचा राजकीय नकाशा समोर पसरावा, मुंबईवर बोट ठेवावे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने ते उत्तरेकडे नेत जावे. पालघर जिल्हा संपता संपता, दमणगंगेच्या काठी, महाराष्ट्र व गुजरात यांच्या सांध्यात वेगळ्या रंगाचा एक इवलासा डाग लागतो. तो दादरा व नगर हवेलीचा. भिंतीवरच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर असे प्रमाण असेल, तर सुमारे ४९१ चौरस किलोमीटरच्या या मुलुखाच्या वाट्याला जेमतेम दोन मिलिमीटर येतात. त्यातला दादरा म्हणजे दादरा, देमणी आणि तिघरा ही अवघी तीन गावे. ती नगर हवेलीपासूनही तुटलेली. एवढ्याशा जागेसाठी नकाशा काढणाऱ्याची लेखणी थांबत नाही. शाळेच्या ॲटलासात दादरा शोधू जाणाऱ्याला तो बहुधा सापडणारच नाही. त्यासाठी सर्वेक्षण खात्याचा मोठ्या प्रमाणाचा पत्रा उघडावा लागेल.

असल्या मुलुखाला परिवेष्टित प्रदेश असा भारदस्त शब्द आहे. आपण त्याला भूबेट म्हणू. पाण्याने वेढले ते बेट, परक्या जमिनीने वेढले ते भूबेट. नकाशावर ते ओळखण्याची खूण सोपी आहे. इतर सीमारेषा कोठून तरी येतात आणि कोठे तरी जातात. भूबेटाची रेषा मात्र आपल्याच शेपटाला येऊन मिळते, आणि तिच्या आतला रंग शेजारच्या मुलुखाशी न जुळता कोठल्या तरी दूरच्या प्रदेशाशी जुळतो. दादऱ्याचा रंग जुन्या नकाशात दमणशी जुळत असे आणि त्यामागून गोव्याशी, लिस्बनशी.

विवादग्रस्त सीमेची गोष्ट निराळी. तेथे रेषा तुटक होते, किंवा एकाच जागी दोन रेषा येतात. कोणत्या देशाने नकाशा छापला यावर ती रेषा कोठून जाईल हे ठरते. परदेशी ॲटलास किंवा नियतकालिक आपल्याकडे आले की अक्साई चीन किंवा काश्मीर यांच्या पानावर ‘या सीमा प्रमाणित नाहीत’ अशा अर्थाचा शिक्का उमटलेला असे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी ग्रंथालयांत पाहिले असेल. विवाद्य सीमा नकाशावर आपण होऊन ओरडते. भूबेट मुकाट असते. त्याची रेषा पक्की, अखंड, निर्विवाद दिसते, आणि म्हणूनच ती तेथे आली कशी हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला खरे तर हा प्रकार परका वाटू नये. बडोदे संस्थानाचा जुना नकाशा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की, गायकवाडांचा मुलूख एकसंध नव्हता. नवसारी दक्षिणेस, मेहसाणा उत्तरेस, अमरेली आणि ओखामंडळ तर थेट काठेवाडात. आणि मध्ये इंग्रजांचा व इतर संस्थानिकांचा प्रदेश पसरलेला. माळव्यात देवासची तऱ्हा त्याहून नामी होती. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंना मिळालेल्या मुलुखातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. त्यांची गावे एकमेकांत मिसळलेली होती, आणि राजधानीचे शहर एकच होते. शहराच्या मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एक राज्य, दुसऱ्या बाजूला दुसरे. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. या व्यवस्थेचे त्याला कौतुकमिश्रित नवल वाटले. आपल्या लोकांना ते वाटत नसे. सांगली, मिरज, जमखंडी यांच्या गावांची अशीच सरमिसळ होती, आणि कोणते गाव कोणाकडे हे तेथील कुळकर्ण्याला बिनचूक ठाऊक असे.

याचे कारण मराठी राज्याच्या हिशेबपद्धतीत आहे. पेशवाईत एखाद्या सरदाराला फौजेच्या खर्चासाठी जी नेमणूक मिळे, तिला सरंजाम म्हणत. सरंजाम म्हणजे अमुक इतक्या रुपयांचा वसूल. तो भरून यावा म्हणून गावे तोडून दिली जात. ती लागून असावीत असा आग्रह नसे. बारा हजारांची नेमणूक असेल, तर बारा हजारांची बेरीज होईपर्यंत गावे मोजायची. धनीपण सरकारचे राही. चाकरी थांबली किंवा मर्जी फिरली की सरंजाम खालसा होई, म्हणजे सरकारजमा होई. इनामाची व वतनाची गोष्ट वेगळी, ती वंशपरंपरेची. वतन या शब्दाला पुढे मायभूमीचा अर्थ चिकटला, सरंजामाला कधीच चिकटला नाही. ही जाण त्या काळी साध्या कारकुनालाही होती. ती हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाला एक दिवस करून घ्यावी लागेल, असे मात्र कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा उत्तरेकडील प्रांत जवळजवळ संपला. दमण आणि दीव तेवढे त्यांच्याकडे राहिले. पुढे चाळीस वर्षांनी परिस्थिती पालटली होती. पुण्यात सवाई माधवराव अज्ञान होते, कारभार नाना फडणीस पाहात होते, आणि इंग्रजांशी युद्ध चालू होते. अशा वेळी जुन्या शत्रूचे सख्य उपयोगी पडणार होते. मराठी आरमाराने पोर्तुगीजांच्या जहाजाचे केलेले नुकसान हाही एक थकलेला विषय होता. १७७९ साली तह झाला. त्याच्या सतराव्या कलमान्वये दमणच्या बाजूची, सालीना बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना द्यावयाची ठरली. अंमलबजावणीला वेळ लागला, तो कारभार पाहता आश्चर्याचा नाही. १७८३ ची एक सनद आणि १७८५ ची दुसरी, अशा दोन सनदांनी नगर हवेली व दादरा मिळून बहात्तर गावे पोर्तुगीजांच्या हाती गेली. ज्या वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांची ती गावे होती, त्यांचा या कागदांत उल्लेख बारा हजारांच्या आकड्यापुरताच.

१८१८ साली पेशवाई बुडाली. सरंजाम देणारा धनीच उरला नाही. त्याच्या जागी आलेल्या इंग्रजांनी पाहिले तो, या बहात्तर गावांत पोर्तुगीजांचा अंमल बसलेला आहे, त्यांचे अधिकारी वसूल घेत आहेत, न्याय देत आहेत. त्यांनी ते तसेच चालू दिले. मालकी कबूल असल्याचे इंग्रजांनी कोठे लिहून दिले नाही आणि आपली मालकीही कोठे सांगितली नाही. एकोणिसाव्या शतकात मोजणीचे नकाशे तयार होऊ लागले तेव्हा या गावांभोवती रेघ ओढली गेली आणि आत निराळा रंग भरला गेला. नकाशाच्या भाषेत वसुलाला वेगळी खूण नसते. जो रंग सार्वभौमत्वाचा, तोच येथेही लागला.

दमणच्या किनाऱ्यापासून या गावांना जायचे तर मध्ये सुरत जिल्ह्याचा पारडी तालुका पडे. व्यापारी, शेतकरी, पाद्री, मुलकी अधिकारी जातयेत राहिले. त्यांना कोणी अडवीत नसे. हत्यारबंद शिपायांचे तसे नव्हते. १८७८ च्या करारात एका सरकारची सशस्त्र माणसे दुसऱ्याच्या हद्दीत कोणत्या परिस्थितीत येतील हे लिहिले गेले. १८९० साली पारडीतून पोर्तुगीज शिपाई विनापरवाना जातात अशी मुंबई सरकारची तक्रार गेली, तेव्हा पोर्तुगीज बाजूने उत्तर आले की, आमचे सैन्य पूर्वपरवानगीवाचून ब्रिटिश हद्द कधीच ओलांडीत नाही. ते पत्र लिहिणाऱ्याने ते सहज लिहिले असावे. सत्तर वर्षांनी तेच त्याच्या देशाच्या अंगावर आले.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, फ्रेंचांशी बोलणी सुरू झाली, पोर्तुगाल मात्र हटेना. १९५४ च्या जुलैत हालचाली झाल्या. २२ जुलैच्या रात्री ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’च्या कार्यकर्त्यांनी फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली दादरा घेतला. चौकीवरचा अधिकारी अनिसेतो दु रोझारिओ त्यात मारला गेला. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या वर्णनांत त्याचे नाव सहसा येत नाही, पण तोही त्या रेघेचाच बळी. २८ जुलैला नारोळी आणि २ ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झाले. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे व प्रभाकर सिनारी, राजाभाऊ वाकणकर आणि त्यांचे संघाचे सहकारी, शिवाय ‘गोवन पीपल्स पार्टी’चे कार्यकर्ते असे परस्परांशी फारसे न पटणारे लोक त्या आठवड्यांत एका दिशेने चालत होते. गायक सुधीर फडके त्यांच्यात होते, हे मराठी वाचकांना सांगावयास नकोच. या कामाच्या निधीसाठी पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांनी गायन केल्याची आठवणही जुनी मंडळी सांगत असत. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूला हटला आणि ११ ऑगस्टला उदव्याजवळ भारतीय राखीव पोलिसांच्या स्वाधीन झाला. दमणहून त्याच्या मदतीला कुमक येऊ शकली नाही. भारत सरकारने मधली वाट बंद केली होती.

पोर्तुगालने दाद मागितली ती नेमकी या बंद वाटेविषयी. १४ डिसेंबर १९५५ रोजी त्याला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, १९ तारखेस त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि २२ तारखेस भारताविरुद्ध अर्ज गुदरला. आठ दिवसांतली ही तत्परता पाहून दिल्लीत काय म्हटले गेले असेल ते असो. खटला पावणेपाच वर्षांच्या आत संपला. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे होते, आणि त्या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायमूर्ती म्हणून महंमद करीम छागला न्यायासनावर बसले होते. दोघेही मुंबईच्या हायकोर्टात वाढलेले.

पोर्तुगालचे म्हणणे असे की, १७७९ च्या तहाने आणि सनदांनी मराठ्यांनी आम्हांला या गावांचे सार्वभौमत्व दिले. मालकी आमची, तर मालकाला आपल्या घरी जाण्याची वाट हवीच. भारताचे म्हणणे असे की, तह रीतसर झालाच नाही, आणि झाला असे धरले तरी दिला तो फक्त वसूल. अशा रीतीने मराठी दफ्तरातील शब्द हेगच्या न्यायालयात वाचले जाऊ लागले. जहागीर म्हणजे काय? सरंजाम म्हणजे काय? मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा असेल, तेव्हा ते कोणते शब्द वापरीत?

न्यायालयाने तह मोडीत काढला नाही. मराठ्यांनी त्याच्या वैधतेबद्दल कधी शंका घेतली नव्हती, एवढे त्याला पुरेसे वाटले. परंतु अर्थाविषयी त्याने दिलेला निर्णय पुण्याच्या कोणाही जुन्या फडणिसाला पटला असता. मराठ्यांनी कायमचा मुलूख देताना तसे स्पष्ट शब्द वापरलेले आहेत. या सनदांत ते नाहीत. यांत बारा हजारांचा सरंजाम आहे. गावांत बंडाळी झाली तर पोर्तुगीजांनी ती मोडावी, अशी तहात परवानगी आहे, हा मुद्दा मला सर्वांत मार्मिक वाटतो. स्वतःच्या मुलुखातले बंड मोडायला राजाला परवानगी कशाला लागते? परवानगी दिली याचाच अर्थ धनी दुसरा होता.

तथापि न्यायालय तेथे थांबले नाही, आणि थांबणे त्याला शक्यही नव्हते. मराठे गेल्यानंतर इंग्रजांनी पोर्तुगीजांचा पूर्ण अंमल मुकाट्याने चालू दिला. त्यांच्यानंतर भारतानेही काही काळ तेच केले. या मौनाने ती गावे पोर्तुगालची झाली होती, असे न्यायालयाने ठरविले. पेशव्यांच्या कागदाने जे मिळाले नव्हते, ते सव्वाशे वर्षांच्या कोणी न बोलण्याने मिळाले. वाटेबाबतचा निकालही त्याच धर्तीवर लागला. दोनच देशांमध्ये का होईना, पण दीर्घकाळ चालत आलेली वहिवाट हा कायदा होऊ शकतो, असे तत्त्व मान्य झाले. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्यायेण्याचा हक्क १९५४ साली होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, हत्यारी पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता, हे आठ विरुद्ध सात मतांनी. येथे १८९० चे ते पत्र कामी आले. आणि दादरा पडल्यानंतरच्या तंग वातावरणात वाट बंद करण्यात भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. निकालाची तारीख १२ एप्रिल १९६०. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत मुंबई राज्याचे विभाजन झाले, आणि ज्या मुलुखातून जाण्याचा हक्क एवढा घासून तपासला गेला, तो गुजरातेत गेला.

योगायोग असा की, त्याच वर्षी १४ मार्च रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने भूबेटांविषयीच दुसरे एक मत दिले होते. ते बेरुबाडी प्रकरण. ज्यांची हयात बंगाल किंवा आसामात गेली, त्यांना छिटमहाल हा शब्द अपरिचित नसेल. कूचबिहारच्या राजाने आणि रंगपूरच्या फौजदाराने द्यूतात गावे पणाला लावली, म्हणून हे तुकडे झाले अशी कथा तिकडे सांगतात. कथा रंजक आहे, परंतु खरी दिसत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगलांशी झालेल्या तहांनंतर ज्याच्या ताब्यात जी जमीन होती ती त्याच्याकडे राहिली. वसुलाची सरमिसळ तशीच गोठली. १९४७ साली रंगपूर पाकिस्तानात गेले, १९४९ साली कूचबिहार भारतात आले, आणि जमीनमहसुलाच्या जुन्या खात्यांवर दोन राष्ट्रांची सीमा येऊन बसली. दहला खागडाबाडी हे एक शेत तर असे होते की, ते भारताचे, त्याभोवती बांगलादेशाचा तुकडा, त्याभोवती भारताचा आणि त्याभोवती पुन्हा बांगलादेश. जगाच्या नकाशावर असा चौपदरी प्रकार दुसरा नव्हता.

दादऱ्याच्या गोष्टीत वाट अडली ती सरकारची. छिटमहालात माणसांची अडली. आपल्याच देशाच्या कचेरीत जायला परक्या देशातून जावे लागे आणि त्यासाठी लागणारा परवाना मिळण्याचे ठिकाण त्या परक्या देशाच्या पलीकडे. मुलाला शाळेत घालायचे तर शेजारच्या गावातील कोणाचे तरी नाव बापाच्या जागी लिहावयाचे. मतपत्रिका नाही, वीज नाही, चोरी झाली तर फौजदार नाही. १९५८ साली नेहरू व फिरोजखान नून यांनी अदलाबदल ठरविली, तेव्हा मुलूख परक्याला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. १९७४ साली इंदिरा गांधी व शेख मुजीब यांचा करार झाला. प्रत्यक्ष बदल ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री झाला, शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर. भारताची १११ छिटे, सुमारे १७,१६० एकर, बांगलादेशात गेली. त्यांची ५१, सुमारे ७,११० एकर, भारतात आली. जमिनीचा हिशेब असा विषम असूनही दोन्ही सरकारांनी तो पत्करला, हे दोघांनाही भूषणावह आहे. तिकडच्या भारतीय छिटांतून आपले घरदार सोडून भारतात यायला निघालेली माणसे हजाराहून कमी भरली. बाकीच्यांनी गाव निवडले. बाहेरगावी पिढ्या काढलेल्या आपणा मंडळींना या निवडीचा अर्थ उमगायला वेळ लागू नये. दहाग्राम-आंगरपोता मात्र बांगलादेशाचे म्हणून भारतीय हद्दीत आजही आहे; तिकडे जायला तीन बिघ्यांची वाट १९९२ साली खुली झाली आणि २०११ पासून ती चोवीस तास उघडी राहू लागली.

इकडे दमणगंगेकाठी १९५४ ते १९६१ ही सात वर्षे चमत्कारिक गेली. पोर्तुगालचा अंमल संपलेला आणि भारतात विलीनीकरण झालेले नाही. वरिष्ठ पंचायत नावाची सभा कारभार चालवी. पोर्तुगीज तिकिटांवर मुक्त प्रदेशाचा छापा मारून ती वापरली जात. १९६१ साली या पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर सही करायला राष्ट्रप्रमुखाच्या तोलाचा माणूस हवा, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान केले गेले, असे सांगतात. ११ ऑगस्ट १९६१ पासून दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश केंद्रशासित झाला. पोर्तुगालने तो भारताचा असल्याचे ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात कबूल केले. २६ जानेवारी २०२० रोजी दमण व दीव यांच्याशी त्याचे एकत्रीकरण झाले. म्हणजे ज्या दमणला जाण्याच्या वाटेसाठी हेगपर्यंत भांडण गेले, त्या दमणशी त्याचा पुन्हा एक कारभार झाला, आणि मधली वाट आता वापीवरून जाणारा साधा रस्ता आहे.

विलीनीकरणानंतरच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशांत नगर हवेलीच्या पोटात आणखी एक बंद रेषा दिसते. तिच्या आत मेघवाळ नावाचे गाव आहे, आणि त्याचा रंग गुजरातचा आहे. बारा हजारांची बेरीज करताना पेशव्यांच्या कारकुनाने हे गाव यादीत धरले नव्हते.